मोरोबांच्या घारी

मोरोबा आपल्याशी बोलताना आपल्याकडे बघत नसत, वर बघत. वाडीत समोरून आले की आपण नमस्कार करायचा आणि त्यांनी आपल्या डोक्यावरच्या आभाळाला विचारायचं, "काय लिमये, बरे आहात ना?" एकदा असेच वर बघत चालताना ते थेट केळ्यांच्या हातगाडीवर जाऊन बसले. गाडीवाला शिव्या देतोय आणि मोरोबा बसल्या जागेवरून हात वर करून सांगतायत, "थांब रे, ती वळतेय!"

ती म्हणजे घार.

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत, माझ्या शेजारच्या खोलीत ते एकटे राहत. लग्नानंतर वर्षभरातच बायको गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. घराणं जुन्या मुंबईकरांचं. वाडवडिलांची गिरगावात घरं होती, ती भावाभावांत वाटून संपली. मोरोबांच्या वाट्याला एक शिसवी कपाट आणि वडिलांचा कॅमेरा आला. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावर मांदेली मासे ठेवून बसत. घार झेपावली की खटका दाबायचा. चाळीतल्या बायकांच्या वाळत घातलेल्या पापडांशेजारी मांदेली! रोज भांडण. मोरोबा शांतपणे म्हणत, "वहिनी, पापडाला ती तोंड लावत नाही. नावडतात तिला."

फोटो काढून झाला की खरं काम सुरू होई. मोरीला काळा पडदा, आत लाल दिवा. कागदावर उजेड पडत असताना मधे बोटांची सावली धरून ते पंखाखालचा काळोख हलका करत. मागे विजेच्या तारा आल्या असतील, तर बारीक कुंचल्याने पुसून टाकत. "जरा सुधारू या" हे त्यांचं पालुपद. छापलेला फोटो त्यांना कधी पुरा वाटलाच नाही.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. चाळीखालून मोठा मोर्चा जाणार म्हणून सगळ्यांनी मिळून मोरोबांना गच्चीवर चढवलं. पुढे त्यांनी फोटो दाखवले, तर सगळ्यांत घार.

"आणि मोर्चा?"

"हा काय!" एका कोपऱ्यात झेंड्याचं टोक दिसत होतं. "घोषणांनी बिचकून ती इतकी खाली आली, लिमये! मुंबई मिळालीच पाहिजे हो, पण ही घार पुन्हा मिळाली नसती."

त्याच सुमाराला दादरला हौशी मंडळींनी फोटोंचं प्रदर्शन भरवलं. मोरोबांकडे एक अप्रतिम फोटो होता. पांढऱ्या ढगापुढे पंख ताणलेली घार, डोळ्यातला थेंबभर उजेडसुद्धा दिसावा अशी. मी म्हटलं, "हाच द्या."

"जरा सुधारतो," म्हणत ते मोरीत शिरले.

प्रदर्शनात जाऊन बघतो, तर ढगापुढे दोन घारी! दुसऱ्या निगेटिव्हवरची उचलून शेजारी छापलेली. परीक्षक चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, हिच्यावर ऊन डावीकडून आणि तिच्यावर उजवीकडून. तुमच्या आभाळात सूर्य दोन आहेत काय?"

सगळे हसले. हसू ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "ही एकटीच पाठवली असतीत, तर पहिलं बक्षीस तुमचंच होतं."

परतताना ट्रॅममध्ये मोरोबा फोटो मांडीवर पालथा धरून बसले होते. मला राहवेना. "मोरोबा, उन्हाचं तुमच्या लक्षात आलं नाही? तुमच्या?"

"आलं ना. छापतानाच आलं."

"मग?"

त्यांनी मांडीवरचा फोटो सुलटा केला. मग म्हणाले, "ती एकटी होती, तेव्हा मी तिला भिंतीवर लावली होती. जेवायला बसलो की समोर यायची. चार दिवस बघितली. मग बघवेना हो. एवढं आभाळ आणि ही एकटी. परीक्षकांचं बरोबर आहे, चांगलीच दिसते. पण ते घरी गेले की दार उघडायला कुणी असतं."

इतक्या वर्षांत जेवायला बोलावलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, कागद भिजत घातलेत. त्या संध्याकाळी मी विचारलंच नाही. जिना चढता चढता हिला हाक मारली, "अगं, मोरोबा जेवायला आहेत!"

ते जेवले. आमटी कशी केली ते हिला विचारलं. पाटावरून उठल्यावर सुपारी कातरत बसले आणि थोड्या वेळाने आमटीचं पुन्हा विचारलं. हिनेही पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग उठले, शेजारी जाऊन कुलूप काढलं, आत गेले आणि परत येऊन आमच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, उद्या भाजी कोणती?"

"तुम्हाला कोणती आवडते?" हिने विचारलं.

 दाराची चौकट धरून मोरोबा आपल्याला काय आवडतं ते कितीतरी वेळ आठवत राहिले.