सासूबाईंचा रिव्हर्स

ऑफिसात हात वर करण्याआधी प्रश्न पूर्ण ऐकावा, हे मी बहारीनमध्ये शिकलो.

१९९४ची गोष्ट. आमचे मालक हुसेनसाहेब कमरेत उसण भरल्यामुळे वाकडे उभे होते. "पुरानी गाडी किसको पसंद है?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला. (कौतुक करायला काय जातंय?)

"गुड! शुक्रवार को रेस में मेरी गाडी गुरुप्रसाद चलाएगा."

बुदैयाच्या वाटेवरच्या एका गावात जुन्या मोटारींची शर्यत होती. गल्ल्यांतून एक गोल फेरी मारायची आणि निघालो तिथेच परत यायचं. साहेबांची मोटार १९३८ची, त्यांच्या वडिलांची. तिला ओरखडा आला असता तर माझा व्हिसा खलास!

शुक्रवारी सकाळी माझी बायको स्मिता आमच्या ऑफिसच्या लोकांबरोबर प्रेक्षकांत थांबली. चिपळूणहून आलेल्या माझ्या सासूबाई, काशीबाई, मात्र सरळ मागच्या सीटवर चढल्या.

"आई, ही शर्यत आहे!"

"असू दे. चालत कोण बघणार गाव?"

"गुरुप्रसाद, इंजिन बंद मत करना," साहेब ओरडले. "फिर चालू नहीं होगा!"

झेंडा पडला. पाच मोटारी पुढे गेल्या. आमची मागे निघाली.

मी गिअर ओढला, ढकलला, त्याला हात जोडले. तो रिव्हर्समध्ये रुतून बसला होता. लोकांना वाटलं, मुद्दाम करतोय. टाळ्या पडल्या. इंजिन बंद करायची सोय नव्हती, म्हणून गेलो तसाच, उलटा.

सासूबाई सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघू लागल्या.

"जावईबापू, डावीकडे! माझ्या डावीकडे! बकरी आहे! आता सरळ. अहो, सरळ म्हणजे काय ते ठाऊक आहे ना?"

अर्ध्या फेरीवर, खजुराच्या बागांमधल्या अरुंद गल्लीत, त्या पाचही मोटारी समोरून आल्या. (समोरून म्हणजे आमच्या मागून.) करकचून ब्रेक लागले. हॉर्नचा नुसता गोंगाट. आम्हाला पुढे जाता येत नव्हतं, त्यांना वाट नव्हती.

सासूबाई खाली उतरल्या. पदर खोचला.

"मागे घ्या! सगळे मागे! यल्ला!"

यल्ला, म्हणजे चला, हा एवढाच अरबी शब्द त्यांना आठ दिवसांत भाजीवाल्याकडून मिळाला होता, पण पुरला. पाचही शेख निमूट मागे सरकू लागले. त्यांच्यापाठोपाठ आम्ही. अशा रीतीने सगळी शर्यत उलटी चालत सुरुवातीच्या रेषेवर आली.

पंचांनी बराच वेळ डोकी खाजवली. पाच मोटारी अर्ध्यातून परतल्या होत्या. पूर्ण गोल फक्त आमचा झाला होता. तोंड कुठे होतं, याबद्दल नियम नव्हता.

हुसेनसाहेबांनी मोटारीवरून हात फिरवला. एकही ओरखडा नाही! त्यांनी कप उचलला आणि माझ्या पसरलेल्या हातांवरून थेट सासूबाईंना दिला.

"माँजी, अगले साल भी आना. ड्रायव्हर हम दूसरा लाएगा."

"नको, हेच बरे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "यांना काही येत नाही, पण सांगितलेलं मुकाट्याने ऐकतात."

स्मिताने ते अख्ख्या ऑफिससमोर इंग्रजीत समजावून सांगितलं. दोनदा.