व्हर्नाच्या बाजूचं दार

एल्डन व्होस मार्चमध्ये गेला, तेव्हा त्याच्या हॉट रॉडची, म्हणजे घरी हाताने जुळवलेल्या जुन्या मोटारीची, बॉडी खालच्या सांगाड्यावर, चॅसीवर, नुसती ठेवलेली होती. एकही बोल्ट नाही. चार कोपऱ्यांना चार शिकंजे, बस्स. इंजिन चालत होतं, ब्रेक लागत होते, दिवे पेटत होते. फक्त गाडी जोरात निघाली असती तर इंजिन पुढे गेलं असतं आणि बॉडी गॅरेजमध्येच राहिली असती. ऑगस्टमध्ये गावात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघे, तेव्हा एल्डन दरवर्षी बायकोला सांगे, "पुढच्या वर्षी तू आपल्या गाडीत बसशील." व्हर्ना दरवर्षी घडीची खुर्ची घेऊन रस्त्याच्या कडेला बसे आणि दुसऱ्यांच्या गाड्यांतल्या बायकांना हात करी.

या वर्षी तिने एल्डनच्या धाकट्या भावाला, ल्यूथरला, बोलावून घेतलं.

"मिरवणूक-बिरवणूक नको मला," ती म्हणाली. "त्या दिवशी सगळे तिकडे असतील, तेव्हा मला इथून दफनभूमीपर्यंत ने. एकदाच. बसले बाबा एकदाची, एवढं त्याला दाखवते. मग ती गाडी तू घेऊन जा, नाहीतर तिच्यात कोंबड्या पाळ."

"एवढंच ना?" ल्यूथर म्हणाला. "बॉडी तर बसवायचीय. होऊन जाईल."

ल्यूथरने आयुष्यभर धान्याच्या कोठारावर काम केलं होतं. मदतीला त्याने शेजारच्या गार्थला घेतलं. गार्थ पूर्वी शाळेची बस चालवायचा आणि त्यामुळे वाहन या विषयावर आपण बोलू शकतो असं त्याचं मत होतं. दोघे कामाला आले की व्हर्ना फ्रिज उघडून दाखवी. चर्चमधल्या बायका एल्डन गेल्यापासून भाजलेल्या पदार्थांची पातेली आणून देत होत्या: नूडल्स आणि चीज, बटाटे आणि चीज, आणि एकात नुसतंच चीज.

"खाऊन टाका रे," ती म्हणे. "माझ्या घशाखाली उतरत नाही."

दोघे खाऊन टाकत. टाकून देणं बरं दिसलं नसतं. वसंतात घेतलेला पट्टा ल्यूथरला आता शेवटच्या भोकात लावावा लागत होता.

कामाला हात घालताना पहिली अडचण आली ती मिठाची. तळघरात जड पाणी मऊ करायचं यंत्र असतं, त्यात घालायच्या खडेमिठाच्या गोण्या एल्डनने गाडीच्या सीटांवर रचून ठेवल्या होत्या. चालवणाऱ्याच्या बाजूला पाच, शेजारी चार.

"बघ," गार्थ म्हणाला, "म्हातारपणी माणूस गाडीचं कोठार करतो ते असं."

त्यांनी गोण्या उतरवल्या, आणि तळघरातलं यंत्र रिकामंच होतं म्हणून हळूहळू सगळ्या त्यात ओतल्या. मग शिकंजे सोडून बॉडी उचलून पाहिली तर खाली रबराच्या चकत्या. त्यासुद्धा कशाही: एका कोपऱ्यात दोन, दुसरीकडे एक, मधे चार.

"डोळे गेले होते रे त्याचे," ल्यूथर हळहळला. त्याने सगळ्या चकत्या काढल्या आणि प्रत्येक जागी दोन-दोन अशा सारख्या बसवल्या.

फायबरची बॉडी म्हणजे पत्रा नव्हे. पत्रा वाकतो आणि माफ करतो. फायबर आधी शांतपणे सोसतं आणि मग तडकतं. म्हणून बोल्ट ज्या जागी येणार तिथे आत लाकूड बसवलेलं असतं, आणि बोल्ट त्या लाकडातून खाली चॅसीत जातो. ल्यूथरने गाडीखाली आडवं होऊन पहिल्या भोकाची खूण केली, वर येऊन ड्रिल चालवलं, आणि बोल्ट टाकला. बोल्ट लाकडातून गेला, गाडीच्या तळातून गेला आणि चॅसीच्या शेजारून मोकळ्या हवेत निघाला.

"अंगठाभर चुकलं," ल्यूथर म्हणाला. "असं कसं? मी दोनदा मोजलं होतं!"

मग त्याने गार्थकडे पाहिलं. ड्रिल चालू असताना कॉफी आणायला गेलेला गार्थ मग हातात धरून पुन्हा दाराला रेलला होता.

"मी खूण करत होतो तेव्हा तू कुठं होतास?"

"इथंच की."

"असाच? रेलून?"

"मग काय एका पायावर उभा राहू?"

गार्थ सरळ झाला. बॉडी हळूच अंगठाभर सरकून आपल्या जागी आली. ल्यूथरने नवं भोक पाडलं. जुन्या भोकावर त्यांनी पायपोस टाकलं. बाकीचे बोल्ट नीट बसले. फक्त शेवटच्याला गार्थने जरा प्रेमाने आवळलं, तेव्हा 'कट्' असा आवाज झाला आणि रंगावर केसाएवढी रेघ उमटली.

"हातानं घट्ट, मग अर्धा फेरा, मग देवाचं नाव," ल्यूथर म्हणाला. हे वाक्य एल्डनचं होतं.

पण दारं झकास लागत होती. 'टिक' करून मिटत, बोट लावलं की उघडत. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडी बाहेर काढून व्हर्नाला हाक मारली. ती चर्चला जायचा निळा कोट घालून आली. ऊन कमी झालं नव्हतं, पण तो कोट एल्डनला आवडायचा. ती बसली, ल्यूथर स्टिअरिंगमागे बसला. दारं एकदम लागेनात. गार्थने कंबरेने धक्का देऊन दोन्ही लावली.

"आता उघडून बघ," ल्यूथर म्हणाला.

दारं उघडेनात. आतून नाही, बाहेरून नाही. गार्थने पाय लावून ओढलं, तसा ल्यूथर ओरडला, "फायबर आहे ते, लेका! दार तुझ्या हातात येईल!"

छप्पर नसलेल्या गाडीत दोन माणसं अडकून बसली होती. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून हात केला. व्हर्नानेही केला. आजवर ती फक्त कडेला बसून हात करत आली होती. गाडीत बसून केलेला हा पहिलाच.

"इथं मिठाच्या गोण्या होत्या ना?" तिने सीटवर हात फिरवत विचारलं.

"त्या आम्ही तळघरातल्या यंत्रात ओतल्या," गार्थ म्हणाला.

"त्या आणल्या तेव्हा त्यानं मला न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभं केलं होतं. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणे शास्त्राचं काम आहे. दोन दिवस बोलले नव्हते त्याच्याशी."

"किती भरलीस?"

"गार्थ!" ल्यूथर म्हणाला.

"एकशे साठ पौंड," व्हर्ना ताठ मानेने म्हणाली.

चाळीस पौंडांची एक गोणी. शेजारच्या सीटवर चार. गार्थचे ओठ हिशोब करताना हलले आणि थांबले.

"म्हणजे त्या गोण्या म्हणजे मी," व्हर्ना सावकाश म्हणाली. "आणि तुम्ही मला यंत्रात ओतलंत."

"पाणी मात्र मऊ येत असेल," गार्थ म्हणाला.

"म्हणजे इतके दिवस मी स्वतःलाच अंगावर ओतून अंघोळ करतेय."

गार्थने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. व्हर्ना कोट सावरत दारावरून बाहेर उतरली, आणि तिचा दुसरा पाय जमिनीला लागताच ल्यूथरच्या बाजूचं दार 'टिक' करून आपोआप उघडलं.

ल्यूथर त्या दाराकडे बघतच राहिला. पुढची चाकं आणि मागची चाकं हे दोन टेकू. माणसं बसतात त्यांच्या मधे. मधे भार आला की जुनी चॅसी किंचित झुकते आणि दाराची चौकट वरच्या बाजूला आवळते. एल्डनने गाडीत माणसं बसवून दारं जुळवली होती. फक्त ती माणसं मिठाची होती.

"डोळे शाबूत होते त्याचे," ल्यूथर म्हणाला.

सकाळी त्यांनी नऊ नव्या गोण्या आणल्या. ओढताना एकीचा कोपरा बोल्टाला घासला, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. गोण्या सीटांवर रचल्या, बोल्ट सैल केले, एकेक चकती घालत-काढत दारं जुळवली. दारं नीट लागली, तेव्हा ल्यूथरने खाली वाकून पाहिलं. एका कोपऱ्यात दोन चकत्या, दुसरीकडे एक, मधे चार. मग हाताने घट्ट, अर्धा फेरा, देवाचं नाव.

गोण्या काढून माणसं बसली. ल्यूथरच्या बाजूचं दार एल्डनसाठी जुळवलेलं होतं, पण ते नमुनेदार लागलं. व्हर्नाच्या बाजूचं लागेना. काल आवळलेलं दार आज सैल होतं. खिट्टी पकडण्याआधीच सुटे आणि दार परत उघडे.

"आता काय राहिलं?" गार्थ वैतागला. "चकत्या त्याच, गोण्या तेवढ्याच!"

ल्यूथरने व्हर्नाकडे पाहिलं. निळ्या कोटाच्या बाह्या तिच्या बोटांपर्यंत आल्या होत्या. खांद्यांची शिवण दंडावर उतरली होती. मग त्याने स्वतःच्या पट्ट्याकडे पाहिलं. वजन कुठे नाहीसं झालं नव्हतं. पातेल्या-पातेल्याने ते एका सीटवरून दुसऱ्या सीटवर गेलं होतं.

"मी एक चकती काढतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दहा मिनिटांचं काम. तुझ्या आत्ताच्या... म्हणजे आत्ता आहे तशी जुळवतो."

"नको," व्हर्ना म्हणाली. "त्यानं मला जसं मोजलंय तसंच राहू दे. गार्थ, एक गोणी दे इकडे."

गार्थने गोणी तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी धरली. दार 'टिक' करून लागलं.

गाव मिरवणुकीला गेलं होतं. दोन्हीकडे मक्याची उंच शेतं आणि मधून ती लाल गाडी. मागे गार्थचा ट्रक. दफनभूमी जवळ आली तसं तिच्या बाजूचं दार खडखडू लागलं आणि फाटकापाशी ते उघडलंच. मागून गार्थ धावत आला.

"अरे, माझ्या काचेवर गारा पडतायत! ऑगस्टमध्ये!"

गोणी निम्मी झाली होती. फाटक्या कोपऱ्यातून मीठ पायपोसावर, पायपोसाच्या कडेवरून खालच्या त्या चुकलेल्या भोकात आणि तिथून रस्त्यावर. घरापासून इथपर्यंत पांढरी रेघ आली होती.

व्हर्ना उतरली आणि एकटीच थडग्याकडे गेली. वारा नव्हता, त्यामुळे तिचं बोलणं दोघांना ऐकू आलं.

"आले बघ तुझ्या गाडीतून," ती म्हणत होती. "छान बसवलीस. दार लागत नाहीये, पण ती तुझी चूक नाही."

गार्थने टोपी काढली. ल्यूथर दाराची खिट्टी पुसत बसला. ती स्वच्छच होती.

परत आल्यावर तिने दार ओढून रुमालाने आतल्या बाजूला बांधलं आणि म्हणाली, "चौकातल्या हॉटेलात थांब."

तिथे तिने रुबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, मागवला, वर आइस्क्रीम घालून. पहिला घास तिला बराच वेळ गिळवेना. दुसरा गेला. सवयीने ल्यूथरचा काटा तिच्या बशीकडे गेला, तेव्हा तिने त्याच्या हातावर चमचा मारला.

"हे माझं आहे."

"अगं, एका पायनं चाळीस पौंड भरत नाहीत," गार्थ म्हणाला.

"माहितीय," व्हर्ना म्हणाली. खिडकीबाहेर गाडी उभी होती आणि तिच्या खाली मिठाचा छोटा ढीग जमत होता. तिने बशी जवळ ओढली. "पुढच्या वर्षीपर्यंत भरतील. आणि ल्यूथर, पुढच्या वर्षी मिरवणुकीतून जायचं."