धुलाईत सापडलेलं मत

मिस्त्री बाल्कनीच्या कठड्याला बांधलेल्या बॅनरच्या गाठी सोडत होता, तेवढ्यात चहाचा कप घेऊन बायको बाहेर आली.

"का काढताय तो?"

मिस्त्रीचा हात गाठीवरच थांबला. खरं उत्तर त्याच्या जिभेवर होतं, पण ते देण्याची त्याची छाती नव्हती.

"मळलाय," तो म्हणाला. "धुवायला काढतोय."

बायको इस्पितळात परिचारिका होती. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, त्यामुळे नवऱ्याची फार पंचाईत व्हायची. तो आपला 'अगं' वर भागवायचा. मिस्त्री स्वतः लिफ्ट दुरुस्त करायचा आणि लिफ्टमधून अडकलेली माणसं बाहेर काढायचा. चौदाव्या मजल्यावर अडकलेला धनवान माणूस हात जोडतो आणि जमिनीला पाय लागले की ओळख देत नाही, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. त्यातूनच त्याचं राजकारण तयार झालं होतं.

निवडणूक तोंडावर आली होती. लढत दोन पक्षांत होती, आणि लोकांनी त्यांची खरी नावं केव्हाच टाकून दिली होती. जास्त कमावणाऱ्यांचा कर वाढवून त्यातून इस्पितळं आणि बसगाड्या सुधारू म्हणणारे ते वाढवे. कर घटवू, ज्याचा पैसा त्याच्या खिशात राहू दे म्हणणारे ते घटवे. मिस्त्री कट्टर वाढवा. दर निवडणुकीला तो 'जास्त कमावणाऱ्यांनी जास्त भरावं' असं लिहिलेला त्यांचा जांभळा बॅनर बाल्कनीवर लावायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी हुज्जत घालायचा. फरशा विकून गब्बर झालेल्या मेहुण्याशी तर त्याचं या एका विषयावरून दर सणासुदीला भांडण ठरलेलं.

आणि या महिन्यात मिस्त्रीला बढती मिळाली. तो सुपरवायझर झाला. नवा पगार हातात आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की वाढवे ज्यांना 'जास्त कमावणारे' म्हणतात त्यांची रेषा आपण ओलांडली आहे. फार नाही, जेमतेम. पण रेषेच्या अलीकडे उभं असताना जी त्याला न्यायाची वाटायची, ती ओलांडल्याबरोबर आपल्या मानेवरून गेल्यासारखी वाटू लागली. त्या संध्याकाळी घरी येताना रस्त्यावरचा दिवा बघून तो थबकला. हा माझ्या पैशानं जळतोय, असं त्याच्या मनात आलं. पुढे खड्डा आला. यालाही पैसे मीच देतोय, असं वाटून त्याचं डोकं फिरलं. वर बघतो तर स्वतःच्याच बाल्कनीवर स्वतःच्याच नावाने वसुलीची पाटी लटकत होती.

पण हे बायकोला सांगायचं कसं? इतकी वर्षं तिला जेवताना-खाताना वाढव्यांची शिकवण दिलेली. म्हणून बॅनर मळला.

"मळलाय तर धुवा," सिस्टर म्हणाली आणि आंघोळीला गेली.

आता धुणं भाग होतं. मिस्त्रीने बॅनर वॉशिंग मशीनमध्ये कोंबला, साबण घातला आणि बटण दाबलं. आत सिस्टरचे तीनही पांढरे गणवेश आधीच टाकलेले होते, हे त्याने पाहिलं नाही. मशीन थांबलं तेव्हा गणवेश जांभळे झाले होते. एकाच्या पाठीवर तर उलट्या अक्षरांत 'भरावं' असं पुसट उमटलं होतं.

सिस्टरने आरडाओरडा केला नाही. ती तिची पद्धतच नव्हती. तिने तीनही गणवेश उजेडात धरून पाहिले.

"कामावर बटण दाबण्याआधी आत माणूस आहे का बघता ना?" तिने विचारलं.

"बघतो."

"घरी का नाही बघत?"

ड्यूटीची वेळ झाली होती. सिस्टरने त्यातल्या त्यात बिनअक्षरांचा गणवेश इस्त्री करून चढवला आणि निघून गेली.

दुपारी व्यवस्थापकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. इस्पितळाचे व्यवस्थापक हे नियमाने चालणारे गृहस्थ होते. पेशंट शिंकला तरी ते शिंक कुठल्या नियमात बसते ते पाहायचे.

"सिस्टर, कामाच्या ठिकाणी प्रचार चालत नाही."

"कसला प्रचार?"

"हा रंग. वाढव्यांचा आहे."

"हा रंग माझ्या नवऱ्याचा आहे, साहेब. त्याने मशीन लावलं. प्रचार करायचा असता तर मी एवढा वाईट रंगवला नसता."

व्यवस्थापक हसले नाहीत. "तुमच्या बाल्कनीवर बॅनर असतो, हे मला माहीत आहे. मी रोज त्याच रस्त्याने येतो. सोपं काम आहे. वाढव्यांशी आपला काही संबंध नाही, एवढं लिहून सही करा आणि विषय संपवा."

आता यातली खरी गंमत अशी, की सिस्टरचा वाढव्यांशी खरोखरच काही संबंध नव्हता. ती घटवी होती. रात्रपाळीचा भत्ता सुरू झाला त्या वर्षापासून होती. रात्रभर जागून मिळवलेल्या पैशाला रात्री झोपलेल्या माणसांनी कात्री लावावी, हे तिला कधीच पटलं नव्हतं. नवरा जेवताना वाढव्यांची महती गायचा तेव्हा ती 'हं' म्हणायची आणि पडद्याआड गेली की घटव्यांवर शिक्का मारून यायची. तिने सही केली असती तर ती शंभर टक्के खरी ठरली असती.

"सही करणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्ही वाढव्या आहात."

"तसं म्हटलं नाही मी."

"मग सही करायला काय हरकत आहे?"

"आज विचारताय कुणाची नाही. उद्या विचाराल कुणाची आहेस. परवा विचाराल का आहेस. मी इथे सुया टोचायला येते, साहेब. माझं मत तपासायचं असेल तर पेशंटसारखा केसपेपर काढून रांगेत बसा."

व्यवस्थापकांचे कान लाल झाले. "तर मग निवडणूक होईपर्यंत बिनपगारी घरी बसा. उद्यापासून येऊ नका."

"उद्या येणार," सिस्टर म्हणाली. "हाच गणवेश घालून येणार. दार बंद ठेवलंत तर पायरीवर बसेन. माझे पेशंट मला शोधत तिथे येतील, सलाइनच्या बाटल्या हातात धरून."

केबिनबाहेर आल्यावर मात्र तिने मनातल्या मनात हिशोब केला. मिस्त्रीच्या बढतीचा पगार आता कुठे सुरू झाला होता आणि घराचे हप्ते दोघांच्या पगारावर होते. ती परिचारिकांच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसली. बाकीच्या जणींनी काय झालं ते विचारून घेतलं. सगळ्यात वयस्कर होती ती एवढंच म्हणाली, "कपडे रंगवायची पुडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा वॉर्ड जांभळा झाला होता. पण रंगात एकवाक्यता नव्हती. कुणी फिकी, कुणी वांग्यासारखी. एकीचा गणवेश तर इतका गडद उतरला होता, की पेशंट तिला कुणीतरी मोठी डॉक्टर समजून उठून बसत होते. त्यांच्यातल्या निम्म्या जणी घटव्या होत्या आणि दोघींना मत द्यायला जायचाच कंटाळा होता. व्यवस्थापकांनी दारातून हे दृश्य पाहिलं, किती जणींना घरी बसवावं लागेल याचा अंदाज घेतला आणि केबिनमध्ये परत गेले. संध्याकाळी फलकावर सूचना लागली: 'गणवेश व रंगीत कपडे एकत्र धुऊ नयेत.' नोकरी वाचली.

पण बातमी बाहेर फुटली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाढव्यांचा उमेदवार फोटोग्राफरला घेऊन मिस्त्रीच्या घरी आला. शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. उमेदवार तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

सिस्टरने त्याला खुर्चीत बसवलं आणि मनगट धरलं. "बोलू नका," ती म्हणाली. "नाडी फार पळतेय."

"ताई, तुमच्यासारख्या..."

"बोलू नका म्हटलं ना."

मिस्त्रीला घाम फुटला होता, तो वेगळ्याच कारणाने. बायकोच्या भानगडीत त्याला एका गोष्टीचा साफ विसर पडला होता. नवा पगार हातात आला त्याच दिवशी त्याने मेहुण्याला फोन करून, आपण आता तुमच्या बाजूला आलो, असं हळूच सांगून टाकलं होतं. मेहुणा इतका हरखला होता की, भाऊजींच्या बाल्कनीवर स्वतः येऊन घटव्यांचा बॅनर लावतो, असा शब्द देऊन बसला होता.

तो शब्दाला जागला. दार ढकलून मेहुणा आत आला, खांद्यावर पिवळ्या बॅनरची गुंडाळी.

"भाऊजी, खिळे आहेत का घरात? आज तुमची बाल्कनी शुद्ध करून टाकू." मग त्याला खुर्चीतला माणूस दिसला.

सिस्टरने नाडी सोडली नाही, पण नजर नवऱ्याकडे वळवली. "भाऊजींची बाल्कनी कशासाठी शुद्ध करायचीय?"

"तुला सांगितलं नाही त्यांनी, ताई? भाऊजी आता घटवे झाले. पगार वाढला ना."

उमेदवाराला आता बोलण्याइतका दम आला होता. "मिस्त्री, तुम्हीही? पैशासाठी तत्त्व सोडलंत?"

"तुम्ही रेषा जरा वर ओढली असतीत तर नसतं सोडलं," मिस्त्री कळवळून म्हणाला.

"आणि तुम्ही?" उमेदवाराने मेहुण्याला विचारलं. "तुम्हाला आमच्या कराची एवढी भीती?"

"मला कसली भीती?" मेहुणा मोकळेपणाने म्हणाला. "कागदोपत्री मी गरीबच आहे. तुमचं राज्य आलं तर मला उलट मदतच मिळेल. पिवळा रंग दुकानाला शोभतो, म्हणून आपला घटवा."

फोटोग्राफरने विचारलं, "फोटो कुणाचा काढू?"

"कुणाचाच नाही," सिस्टर उठली. "साहेब, तुमची नाडी ठीक आहे, सावकाश उतरा. आणि तू ती गुंडाळी घेऊन जा. या बाल्कनीवर आता फक्त कपडे वाळतील."

"पण ताई, तुम्ही आमच्याच ना?" उमेदवाराने दारातून विचारलं.

"नोकरीवर आलं तेव्हाही मी ते सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही तर नुसते जिने चढून आलात."

सगळे गेल्यावर मिस्त्री मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं, आता आपली धुलाई. पण सिस्टर खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी रात्रपाळीचा भत्ता सुरू झाला तेव्हापासून घटवीच आहे."

मिस्त्रीला हे पचायला वेळ लागला. "म्हणजे इतकी वर्षं आपण नटूनथटून मतदानाला जात होतो, रांगेत उभे राहत होतो, आणि तू माझं मत खात होतीस?"

"तुम्ही माझं खात होतात."

"मग यंदा तरी दोघांची मतं एकत्र पडतील."

"कशी पडतील? मी यंदा वाढव्यांना देणार." तिचा आवाज शांत होता. "त्या व्यवस्थापकाला जे नको होतं, ते मी करणार. रात्रपाळीचा भत्ता गेला तर गेला."

मिस्त्रीने डोकं धरलं. "अगं, मग पुन्हा बेरीज शून्यच. घरीच बसू ना. निकाल तोच."

"घरी बसलं तर साहेबांना वाटेल, मी घाबरले. सकाळी लवकर निघायचं."

मतदानाच्या दिवशी दोघं रांगेत पुढेमागे उभी होती. सिस्टरने जांभळा गणवेश घातला होता, आणि माणसं वळून वळून पाहत होती. ती सरळ समोर बघत होती. मिस्त्री मागून तिच्या ताठ मानेकडे पाहत होता. नोकरी जात असतानाही या बाईने खरं तेच लिहून द्यायला नकार दिला, आणि आपण एका बढतीवर पक्ष बदलला, हे त्याला त्या रांगेत फार लागलं.

पडद्याआड त्याने शिक्का घटव्यांच्या चिन्हावर धरला. खड्डा आठवला, दिवा आठवला. मग त्याने हात हलवला आणि ठप्पकन वाढव्यांवर शिक्का मारला. जाऊ दे तो पगार, कापा किती कापायचा तो.

बाहेर आला तेव्हा बायको कुंपणाजवळ थांबली होती. तिचा चेहरा जरा पडलेला दिसला.

"वाढव्यांना दिलं," मिस्त्री छाती फुगवून म्हणाला. "तुझ्यासाठी."

सिस्टरने आधी त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला आणि ती हसायला लागली. हसू आवरेना, म्हणून कुंपणाच्या कट्ट्यावर बसली.

"काय झालं? अगं, तू कुणाला दिलंस?"

तिने पदराअभावी जांभळ्या बाहीने डोळे पुसले.

"ते गुप्त असतं," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून उठली.