रोज एक अर्थ

शशिकांत निमकरांना नातीचा फोन यायचा तो रविवारी, आणि तोही तीन मिनिटांचा. त्यातली दीड मिनिटं त्यांना नोएडातल्या फ्लॅटचं छत दिसायचं, कारण रेवती फोन सोफ्यावर टाकून पाणी प्यायला गेलेली असायची. त्यामुळे एका सोमवारी संध्याकाळी सातला फोन वाजला तेव्हा निमकरांना वाटलं, काहीतरी विपरीत घडलं. पण तसं काही नव्हतं. पाचवीतल्या रेवतीला शाळेने प्रोजेक्ट दिला होता. रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घ्यायचा, घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला विचारून त्याचे पंधरा वेगवेगळे अर्थ वाक्यांसकट लिहायचे, आणि अर्थ सांगणाऱ्याचीच खाली पेनाने सही घ्यायची. मुदत तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारची. रेवतीच्या वाट्याला 'सेट' हा शब्द आला होता.

"आजोबा, पटापट पंधरा सांगा ना यार, मी लिहिते," ती म्हणाली.

पटापट? निमकर केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात तेहतीस वर्षं काढून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते. तिथे पटापट काही झाल्याचं त्यांना तरी आठवत नव्हतं. शिवाय एक गोष्ट ते पुरती शिकले होते. फाईल निकाली निघाली की ती पुन्हा आपल्या टेबलावर येत नाही. त्यांनी जाडा शब्दकोश उघडला. 'सेट' पानांमागून पानं चालला होता. निमकरांना अगदी घबाड सापडल्यासारखं वाटलं.

"आजचा एक घे, पुढे रोज एक सांगीन," ते म्हणाले. "नीट पडताळून. उद्या याच वेळी फोन कर."

आता कोणी म्हणेल, म्हातारा हावरट आहे. असेल बुवा. पत्नी विजयालक्ष्मीबाई जाऊन चार वर्षं झाली होती आणि द्वारकेतल्या त्या तीन खोल्यांत दिवसभर फक्त फ्रिज बोलायचा. मुलगा निहार काही परदेशात नव्हता. द्वारकेला मेट्रोत बसलं की डबासुद्धा न बदलता दीड तासात नोएडा. पण तिकडून इकडे यायला कोणाला वेळ नसायचा, आणि इकडून तिकडे जायचं तर आधी विचारावं लागायचं. विचारलं की निहार म्हणायचा, "बाबा, हा वीक जरा टाइट आहे."

तेव्हा रोज एक. सोफ्याचा सेट झाला, गजराचा झाला, परीक्षेचा पेपर सेट करतात तो झाला. दह्याच्या अर्थाने मात्र छळलं. पडताळल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही असा निमकरांचा बाणा, आणि जानेवारीतल्या दिल्लीत दही लागेल तर शपथ. दोन दिवस नुसतं कोमट दूध. तिसऱ्या दिवशी त्यांनी भांडं विजयालक्ष्मीबाईंच्या शालीत गुंडाळून ठेवलं, तेव्हा कुठे ते लागलं. फोटो बघून रेवती खूश झाली. अकराव्या दिवशी त्यांनी शब्दकोशात नसलेला पण दिल्लीत सर्रास चालणारा अर्थ सांगितला. मुलगा सेट झाला, म्हणजे त्याला नोकरी लागली, लग्न झालं, त्याने घर घेतलं.

"अच्छा, म्हणजे बाबा. आणि तुम्ही पण सेट आहात?" रेवतीने विचारलं.

निमकर म्हणाले की आजचा एक अर्थ झाला, बाकी उद्या.

पंधरा दिवसांत पंधरा अर्थ संपले. सोमवारी शेवटचा देऊन झाला. मुदतीला अजून चार दिवस होते, पण आता फोन कशाला येईल? तेव्हा त्यांनी मंत्रालयातला हुकमी उपाय काढला. रेवतीला वाक्यांचे फोटो पाठवायला सांगितले आणि त्रुटी काढायला सुरुवात केली. सूर्य मावळतो, पण कोणत्या दिशेला, याचा उल्लेख नाही. दही लावलं खरं, पण कोणी लावलं? सोफा सेट किती नगांचा, तपशील द्यावा. बिचारी रेवती पान फाडून पुन्हा लिहायची आणि पुन्हा फोन करायची. मंगळवारी दोन फोन आले, बुधवारी चार. निमकर दुपारीच दाढी करून बसायला लागले. शेजारच्या दीनानाथांनी हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. ती पोर आहे, तुमचा सेक्शन नव्हे, असं त्यांनी बजावलं. पण निमकरांना असा सुखाचा बुधवार कित्येक वर्षांत मिळाला नव्हता, ते कसले ऐकतात.

गुरुवारी दुपारी सुनेचा फोन आला. मृणाल कधी आवाज चढवत नसे, आजही चढवला नाही, आणि निमकरांना त्याचीच धास्ती वाटली. रेवतीने प्रोजेक्ट चार वेळा उतरवला होता, आणि पाचव्यांदा लिहावा लागेल म्हणून सकाळी रडून शाळेत जायलाच तयार नव्हती. मृणालला सुट्टी टाकावी लागली होती.

"बाबा, ती दहा वर्षांची आहे," मृणाल म्हणाली. "तुम्हाला नक्की काय हवंय?"

सांगता आलं असतं. निमकर म्हणाले, काही नाही, जरा शुद्धलेखन बघत होतो.

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. नातीला रडवलं, आणि कशासाठी? चार फोन जास्त यावेत म्हणून? उद्या प्रोजेक्ट द्यायचा, आणि त्यावर त्यांची सही नाही. आपणच जाऊन सही करायची असं त्यांनी ठरवलं. कळवलं नाही, कारण कळवलं की वीक टाइट निघतो. पाच वाजता त्यांनी दाराला कुलूप लावलं, किल्ली नेहमीप्रमाणे दीनानाथांकडे दिली, भाजी आणायला निघाल्यासारखं दाखवलं आणि मेट्रो पकडली.

इकडे निहारनेही ठरवलं की बाबांना न कळवता जाऊन सही आणायची, कारण कळवलं की नवीन त्रुटी निघते. तोही पाचलाच निघाला. मृणाल आणि रेवतीलाही त्याने गाडीत घातलं. वडील मेट्रोने पूर्वेला चालले होते आणि मुलगा रस्त्याने पश्चिमेला.

नोएडाच्या सोसायटीच्या गेटवर गार्डने निमकरांना विचारलं, "अंकलजी, डिलिव्हरी या गेस्ट?" त्याच्या मोबाइलवर एवढेच पर्याय होते. मालकाचा बाप हा पर्याय नव्हता. निमकर गेस्ट झाले. मग गार्डने इंटरकॉम लावला, तो कोणी उचलेना, कारण वर कोणी नव्हतंच. गार्डने माणुसकीने प्लास्टिकची खुर्ची दिली. निहारला फोन करायला मन धजेना, म्हणून पिशवी मांडीवर घेऊन ते गेटपाशी बसून राहिले. आतबाहेर करणारे लोक बघून न बघितल्यासारखं करत होते.

सव्वासातला निहारचा फोन आला.

"बाबा, कुठे आहात तुम्ही? दाराला कुलूप होतं. दीनानाथकाकांकडून किल्ली घेतली."

"तुझ्या गेटवर आहे," निमकर म्हणाले.

चार वर्षांत ज्या घरात तिघं एकदम आली नव्हती, तिथे आज तिघंही होती आणि निमकर नव्हते. वैऱ्यावरसुद्धा अशी वेळ येऊ नये. ते म्हणाले, मी आत्ता उलटा निघतो. निहार म्हणाला, नका, जागचे हलू नका, आम्हीच येतो, नाहीतर आज रात्रभर हेच चालेल.

तेवढ्यात मागून रेवतीचा आवाज आला. आजोबांच्या टेबलावरची फाईल तिला सापडली होती. वर 'विषय : सेट' असं लिहिलेलं. ती अडखळत मोठ्याने वाचत होती. "मंगळवार. फोन सात चार ते सात एकोणीस. आवाज आनंदी. किंचित सर्दी वाटते. शनिवार. फोन नऊ मिनिटं. एकदा हसली." मग पान उलटल्याचा आवाज आला. "सोमवार. पंधरावा अर्थ दिला. आता फोनला कारण उरलं नाही. सबब त्रुटी काढाव्यात. बाबा, सबब म्हणजे काय?"

मंजुरी पाठवतो, आत जाऊन बसा, एवढं म्हणून निहारने दाराच्या कुलपाचा नंबर सांगितला आणि फोन ठेवला.

मुलाच्या रिकाम्या घरात निमकर एकटेच शिरले. दिवे लावले. सोफ्यावर बसायचं धाडस होईना म्हणून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर रेवतीच्या वेळापत्रकाचा पांढरा बोर्ड होता, मृणालच्या अक्षरात. सोमवार ते शुक्रवार, सात ते सव्वासात, आजोबा. शनिवारपासून पुढे, सात ते सव्वासात, अबॅकस क्लास.

कोणाचा दोष नव्हता. प्रोजेक्ट संपला की वेळ मोकळी, आणि मोकळी वेळ दिसली की आईबाप तिथे काहीतरी लावणारच. निमकरांनीही निहारला असंच वाढवलं होतं. तरी त्यांना फार एकटं वाटलं, द्वारकेत वाटायचं त्याहून जास्त.

फोन वाजला. मृणाल होती. मागे हॉर्न वाजत होते, म्हणजे गाडी निघाली होती.

"बाबा, पोचलात ना घरात? फ्रिजवरचा बोर्ड बघितलात?"

"बघितला."

"अबॅकस पुसून टाका," मृणाल म्हणाली. "मार्कर वरच आहे. तिथे तुमचं नाव लिहा."

निमकरांनी मार्कर हातात घेतला. "तोंडी आदेशावर मी कधी काही खोडलेलं नाही," ते म्हणाले. "लेखी पाठव."

मिनिटभरात मेसेज आला. "शनिवारपासून रोज सात वाजता आजोबा. कारण लागणार नाही. मृणाल."

निमकरांनी चष्मा पुसून तो तीनदा वाचला. एकही त्रुटी सापडली नाही.