कादरसरांची वही

कादरसर बकरीशी बकरीच्या आवाजात बोलतात. मंठ्यातल्या आमच्या गल्लीत नवा आलेला माणूस आधी बकरीकडे बघतो, मग सरांकडे, आणि नेमकं कोण ओरडलं याचा विचार करत पुढं जातो.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. निवृत्तीनंतर मी डुलक्या काढायला लागलो आणि सरांनी वही काढली. तिच्यात राणीचे, म्हणजे बकरीचे, अकरा आवाज अर्थासकट लिहिलेत. भूक, पाऊस, कुत्रं. "अकरावा तुमचा," ते म्हणाले. "तुमी आले की काढती." तो स्वागताचा नाही, हे मलाही कळलं.

"माकडाचा मानूस बोलून न्हाई झाला, ऐकून झाला," हे त्यांचं ठरलेलं. "आधी कान, मंग जबान. तुमी मराठीवाले जबानीच्याच मागं लागले."

मी हसायचो. मग एकदा वही मागच्या बाजूनं उघडली. तिथं भाभींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, आवाजांची यादी होती. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, यांना आता काही समजत नाही. सरांनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्याच बाजारातून राणी मागवली, कान तयार करायला.

लांब 'ऊं', नजर दाराकडं: राणीला पाणी. दोनदा 'आ': पंखा बंद. शेवटची ओळ अर्धीच होती. आवाजाची जागा कोरी, पुढं नुसतं: 'मला हाक'.

"तेवढाच सापडून न्हाई राह्यला," सर म्हणाले. "दोन वर्सांत एकदाबी हाक न्हाई मारली. मला वळखती का न्हाई, अल्लाह जाने."

परवा सर चष्म्यासाठी जालन्याला गेले आणि भाभींजवळ मी बसलो. सर फाटकाबाहेर पडले नाहीत तोच भाभींनी सुरू केलं. बारीक, आखूड 'हं-ई'. मी वही चाळली, पाणी दिलं, पंखा लावला, बंद केला. त्या सरांच्या रिकाम्या खुर्चीकडंच बघत होत्या. पुन्हा 'हं-ई'. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली तेव्हा कुठं गप्प झाल्या.

दोन वर्षांत सर त्यांना सोडून कुठं गेलेच नव्हते. समोर बसलेल्या माणसाला कोण कशाला हाक मारेल?

मी 'हं-ई' लिहून ती ओळ पुरी केली आणि वही सरांपुढं धरली. सरांनी नव्या चष्म्यातून वाचलं. भाभींकडं बघितलं. मग परत बाहेर गेले, कडी लावली आणि फाटकापलीकडं कान देऊन उभे राहिले.