सावळाराम सशाची इयरफोन-परीक्षा

एका जंगलात, म्हणजे मुलांनो, जंगल संपून जिथे माळ सुरू होतो तिथे, सावळाराम नावाचा ससा राहत होता. त्याचे कान फार मोठे होते. सशाचे कान मोठेच असतात, पण सावळारामचे इतके मोठे होते की वारा सुटला की ते त्याला एका बाजूला ओढत.

माळाच्या मधोमध एक खळगा होता. खळग्यात गवत कोवळं होतं, म्हणून सगळे तिथे पहाटे चरायला उतरत. ससे उतरत, भेकरं उतरत, साळिंदर मुळं उकरायला उतरत. पण खळग्यात उतरलं की वरचं काही दिसत नसे आणि लांबचं काही ऐकू येत नसे. बिबट्यालाही ही गोष्ट ठाऊक होती.

म्हणून एक व्यवस्था होती. पलीकडे ओढ्याच्या काठी चिंधाबाई टिटवी राहायची. बिबट्या ओढा ओलांडू लागला की ती आकाशात उडून ओरडायची. तिचा आवाज खळग्यापर्यंत पोचत नसे. तो सावळाराम ऐकायचा. खळग्याच्या काठावर एक जुनं वारूळ होतं. त्यावर तो कान टवकारून उभा राहायचा आणि टिटवी ओरडली की मागचा पाय जोरात जमिनीवर आपटायचा. खळग्यातल्या सगळ्यांच्या पायाखाली जमीन थरथरायची. मग सगळे पळायचे.

बिबट्या यायचा, रिकामा खळगा बघायचा आणि उपाशी परत जायचा.

या कामाबद्दल सावळारामला कुणी काही म्हणत नसे. मुलांनो, जे संकट येता येता राहतं त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. उलट भेकर म्हणायचं, "काय हो, रोज रोज पाय आपटता! चार घास सुखाने खाऊ देत नाही." सावळारामला हे फार लागायचं. आपल्यासारखे कान अख्ख्या माळावर कुणाला नाहीत आणि आपल्याला कुणी विचारत नाही, या विचाराने त्याला गवत गोड लागेना.

अशा वेळी बन्सी उदमांजर आलं.

बन्सी माणसांच्या वस्तीतून हिंडून यायचा. येताना तिथलं काहीबाही घेऊन यायचा. त्या दुपारी त्याच्या पिशवीत इयरफोन होते. ते कशावर चालायचे ते विचारू नका. माळावरही कुणी विचारलं नाही.

"सावळारामराव," बन्सी म्हणाला, "हे कानात घालायचे असतात. आता कान म्हटल्यावर मी दुसऱ्या कुणाकडे जाणार?"

सावळाराम ताठ बसला.

"मला याचं काही द्यायचं नाही तुम्ही," बन्सी पुढे म्हणाला. "नुसतं तुमचं मत सांगायचं. कानाला कसे वाटतात, आवाज कसा येतो. तुमच्या मताला वजन आहे."

आपल्या मताला वजन आहे हे सावळारामने जन्मात पहिल्यांदाच ऐकलं. त्याने इयरफोन कानात घातले. ते लगेच गळून पडले. पुन्हा घातले, पुन्हा पडले. त्याचं तोंड उतरलं.

"कानात दोष नाही," बन्सी घाईने म्हणाला. "टोपीत दोष आहे. इयरफोनच्या तोंडावर ही छोटी टोपी असते ना, ती कानाच्या मापाची लागते. ही घ्या रबराची. ही जाड रबराची. ही एकावर एक पदर असलेली. आणि ही फोमची. हिला चिमटीत दाबून बारीक करायचं, कानात सारायचं आणि फुगू द्यायचं."

सावळारामने फोमची टोपी घातली. ती हळूहळू फुगली. आणि माळ बंद झाला. वारा बंद झाला, गवताची सळसळ बंद झाली, बन्सीचं तोंड नुसतं हलत राहिलं. मग आत आवाज सुरू झाला. 'माळावरची पहाट' असं त्या ध्वनिफितीचं नाव होतं. त्यात वारा होता, गवत होतं, दूरवर एक टिटवीसुद्धा होती.

सावळारामच्या डोळ्यांत पाणी आलं. तो स्वतः माळावर राहत होता, पण माळ इतका सुंदर असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून सावळाराम इयरफोनचा जाणकार झाला. संध्याकाळी तो वारुळावर बसायचा आणि खाली सगळे जमायचे.

"जाड रबराची टोपी घट्ट बसते, पण कान थोड्या वेळाने ठणकतो," तो सांगायचा. "फोमची टोपी मऊ. पण ट्रेबलची, म्हणजे बारीक उंच आवाजाची, धार बोथट करते. पदरवाली टोपी आवाज उघडा ठेवते, पण बेसला, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजाला, बूड राहत नाही."

बेसला बूड असतं म्हणजे काय, ते कुणालाच कळलं नाही. म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. साळिंदर तर शेवटी शेवटी त्याला "सर" म्हणू लागलं. रोज पाय आपटून जे मिळालं नव्हतं ते टोप्या बदलून मिळालं. बन्सीच्या पिशवीतून सगळ्यांनी इयरफोन घेतले आणि जो तो सावळारामला आपला कान दाखवू लागला.

त्याची बायको गोजरा मात्र कान दाखवायला आली नाही.

"अहो, पहाटे तरी काढून ठेवत जा ते," ती म्हणाली.

"पहाटेच तर खरी तुलना होते, गोजरा. हवा थंड असते. कानातलं मेण घट्ट असतं. दोन टोप्यांमधला फरक स्वच्छ कळतो."

"आणि चिंधाबाईंची हाक?"

"ती ऐकू येते मला," सावळाराम म्हणाला. ते अगदीच खोटं नव्हतं. ध्वनिफितीतली टिटवी त्याला रोज ऐकू येत होती.

एका सकाळी चिंधाबाई स्वतःच उडत आली आणि वारुळापाशी उतरली.

"सावळारामभाऊ, काल मी घसा फोडून ओरडले. तुम्ही पाय आपटला नाहीत."

"काय आलं होतं काल?"

"मुंगूस. माझ्या अंड्यांवर."

"म्हणजे बिबट्या नव्हता," सावळाराम म्हणाला. "बघा चिंधाबाई, राग मानू नका. तुमच्या आवाजात ट्रेबल फार आहे. टोचतो तो. कानाला थकवा येतो. त्या फितीतली टिटवी ऐका एकदा. काय गोल आवाज आहे!"

"ती कशाला बघून ओरडते?"

"कशालाच नाही. म्हणून तर गोड वाटते."

चिंधाबाई ओढ्यावर परत गेली.

मग ती पहाट आली. सावळाराम फोम आणि रबर यांची शेवटची तुलना करणार होता. संध्याकाळी सगळ्यांना निकाल सांगायचा होता. गोजराचा भाऊ रंगनाथ बायको-पिल्लांसह पाहुणा आला होता. खळग्यात उतरता उतरता तो म्हणाला, "दाजी, निकाल आधी मला सांगा हं. आपल्या घरातला माणूस म्हणून."

"सांगतो की," सावळाराम म्हणाला आणि त्याने फोमची टोपी घातली. छान होती. मग ती काढून रबराची घातली. डाव्या कानात ती जरा सैल बसली. त्याने तिकडे दुर्लक्ष केलं आणि फीत सुरू केली.

वारा आला. गवत आलं. मग टिटवी ओरडली आणि सावळाराम जागच्या जागी थरारला. आजवर फितीतली टिटवी दूर असायची. आज ती अगदी डोक्यावर होती! डावीकडून उजवीकडे जात होती, पुन्हा फिरून येत होती. तिच्या ओरडण्यात घबराट होती, जीव होता. अंगावर काटा आला.

'वा!' सावळाराम मनाशी म्हणाला. 'फोममध्ये हे कुठे होतं? रबराच्या टोपीत आवाजाला खरी खोली आहे!'

त्याच्या अंगावरून एक सावली गेली. परत गेली. लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

फीत संपली. टिटवी मात्र ऐकू येतच राहिली. आवाज संपल्यावरही कानात रेंगाळतो, याला काय म्हणावं? सावळाराम योग्य शब्द शोधत राहिला. तो सापडला तेव्हा त्याने डोळे उघडले.

गोजरा खळग्यातून धावत वर येत होती. तिच्या मागे रंगनाथ नव्हता.

दुपारी पळसाखाली सगळे जमले. गोजरा मध्ये उभी राहिली. ती रडत नव्हती.

"माझा भाऊ गेला," ती म्हणाली. "चिंधाबाई ह्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत होत्या. सगळं आकाश ओरडत होतं. हे डोळे मिटून उभे होते. ह्यांनी पाय आपटला नाही."

आता आपल्याला माळाबाहेर काढतील, असं सावळारामला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ते बरोबरच आहे असंही त्याला वाटलं. तो उठला. "चूक माझी आहे," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"एक विचारू का?" भेकर मध्येच म्हणालं. "त्या वेळी कानात टोपी कोणती होती?"

सावळारामचं तोंड उघडंच राहिलं.

"रबराची," तो म्हणाला.

"आणि तरी बाहेरची टिटवी आत आली?"

"डावीकडची थोडी सैल होती."

"अरेरे," साळिंदर म्हणालं. "तरी मी म्हणत होतो, आपण सगळ्यांनी फोमच घ्यायला हवी."

मग पुष्कळ चर्चा झाली. फोम लवकर मळतो का? रबर धुता येतं का? भेकराने आपली टोपी काढून सगळ्यांना दाखवली. रंगनाथचं नाव नंतर कुणी काढलं नाही. सावळाराम हळूच खाली बसला. त्याने एक दोन प्रश्नांना उत्तरंही दिली, आणि ती चांगली दिली.

शेवटी एक ठराव झाला. चिंधाबाईच्या आवाजामुळे जाणकारांचा गोंधळ उडाला. खरी टिटवी कोणती आणि फितीतली कोणती ते कळेनासं झालं. म्हणून चिंधाबाईने यापुढे खालच्या पट्टीत, गोल आवाजात ओरडावं.

"माझा आवाज असाच आहे," चिंधाबाई म्हणाली. "बिबट्या दिसला की असाच निघतो."

"प्रयत्न करून बघा," साळिंदर सौम्यपणे म्हणालं.

चिंधाबाई उडाली ती ओढ्यावर थांबलीच नाही. पार टेकडीपलीकडच्या माळावर गेली. गोजराने रंगनाथच्या बायकोला आणि पिल्लांना बरोबर घेतलं आणि तीही त्याच दिशेने निघाली.

"अगं, तिथलं गवत खरबरीत आहे," सावळाराम म्हणाला.

"असू दे," गोजरा म्हणाली. "तिथे ऐकू येतं."

यानंतरच्या पहाटे सावळाराम वारुळावर उभा राहिला तेव्हा त्याचा डावा कान फार खाजत होता. खाजवण्यासाठी त्याने इयरफोन काढले. किती तरी दिवसांनी त्याने नुसत्या कानांनी माळ ऐकला.

माळावर काहीच नव्हतं. टिटवी नव्हती. किडे नव्हते. आणि त्या काहीच नसण्याच्या तळाशी एक गवताची काडी मोडली. मग दुसरी मोडली, जरा जवळ.

मुलांनो, सावळाराम मूर्ख होता, पण ससा होता. त्याच्या कानांना कळलं आणि कानांनी पायाला सांगितलं. त्याने पाय आपटला. पुन्हा आपटला. सगळं बळ एकवटून, वारूळ ढासळेपर्यंत आपटत राहिला. खळग्यातली जमीन हादरली.

खाली सगळे कानात फोमच्या टोप्या घालून, डोळे मिटून चरत होते. भेकराने थबकून मान वर केली. त्याच्या तोंडावर अपार आनंद होता.

"सावळारामराव!" ते ओरडलं. कान बंद असल्यामुळे ते फार मोठ्याने ओरडलं. "तुम्ही म्हणालात तसंच आहे हो! बेस अगदी पायातून वर येतो!"

"माझ्यासुद्धा!" साळिंदर ओरडलं.

सावळाराम पाय आपटत राहिला. खळग्यातून वाहवा येत राहिली. मग ती एका बाजूने कमी होत गेली.

बिबट्याचं पोट भरलं होतं, म्हणून वारुळावरच्या सशाकडे त्याने पाहिलं नाही.

ऊन वर आलं तेव्हा बन्सी उदमांजर पिशवी घेऊन आलं. त्याने खळग्यात डोकावून पाहिलं आणि पटकन मान फिरवली. सावळाराम मोडक्या वारुळावर बसला होता. त्याचा मागचा पाय सुजला होता.

"मग?" बन्सी हलक्या आवाजात म्हणाला. "फोमच्या टोपीबद्दल लोकांचं मत काय पडलं?"

जे कानांनी ऐकलं होतं ते सांगणं सावळारामला भाग होतं. शेवटी जाणकार होता तो.

"बेस सगळ्यांना आवडला," तो म्हणाला.

तात्पर्य: मुलांनो, टोपी घेताना कानाच्या मापाचीच घ्यावी आणि घट्ट बसवावी. सैल टोपीतून शेजाऱ्यांच्या किंकाळ्या आत येतात आणि चांगल्या गाण्याचा विचका होतो.