उत्तमबापू पहिला फोन घेत नाहीत

उत्तमबापूंना फोन लावला की पहिल्या खेपेला तो कधीच उचलला जात नाही. पूर्ण वाजतो आणि वाजून वाजून बंद पडतो. दुसऱ्या खेपेला मात्र पहिली रिंग संपायच्या आत उचलला जातो आणि कानठळ्या बसतील अशा आवाजात हुकूम येतो, "आधी तिकीट दखाड!"

म्हणजे ओळख पटव. बापूंनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. नवापूर, खापर, सारंगखेडा, कुठलं गाव म्हणून सोडलं नाही. त्यामुळे त्यांचं तिकीट म्हणजे एकच प्रश्न असतो, "तुन्हा गावना ष्टँडवर कसानं झाड शे?" कुठल्या थांब्यावर निंब आहे, कुठे चिंच आहे आणि कुठलं झाड रस्ता रुंद करताना तोडलं, हे त्यांना तोंडपाठ. उत्तर चुकलं की, "बिगर तिकीटना! उतर खाले!" आणि फोन बंद. सुरतेच्या सख्ख्या जावयाला त्यांनी असं दोनदा खाली उतरवलंय. बँकेच्या एका साहेबाने तर प्रामाणिकपणे सांगितलं, की आमच्या स्टँडवर झाडच नाही. "झाड नही ते मानसं उभा ऱ्हातस कोठे?" असं त्यालाच झापून बापूंनी फोन ठेवला.

मी त्यांच्या समोरच राहतो. शाळेत मास्तर आहे आणि रागाच्या बाबतीत मीही काही कमी नाही. पण बापूंचा राग वेगळा. तो सकाळी त्यांच्याआधी उठतो. आमच्या स्टँडवरच्या निंबाखाली उभे राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतात आणि बजावतात, "कंपनी सोताहून फोन करस नही. ज्यानी करा तो चोर. समजनं का?" समोरच्याला फक्त बस पकडायची असते. तरी समजनं म्हटल्याशिवाय सुटका नाही.

हे वेड दोन वर्षांपूर्वीचं. लेकीने लग्नानंतर आपला कम्प्युटर इथेच ठेवला होता, नातीला पडद्यावर बघता यावं म्हणून. एका दुपारी बापू शेतात असताना फोन आला. कम्प्युटर कंपनीच्या सुरत ऑफिसातून बोलतोय, तुमच्या मशीनमध्ये व्हायरस शिरलाय, आत्ताच्या आत्ता काढला नाही तर सगळे फोटो जातील. फोन घेतला होता जिजीने, म्हणजे बापूंच्या बायकोने. सुरत म्हणजे लेकीचं सासर. लेकीच्या गावचा माणूस दारात आला तर त्याला आम्ही चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, मग फोनवर आला म्हणून काय झालं? जिजीने आधी विचारलं, जेवलास का भाऊ? मग तो सांगेल ते बटण दाबत गेली. बँकेचं कार्डही वाचून दाखवलं. तासाभरात खातं रिकामं झालं.

मला हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. जेवलास का म्हणून विचारणाऱ्या बाईला लुटतात, नालायक! आणि आपले लोक त्यांच्या वरताण. महिनाभर गाव हसत होतं. जिजीनेच उलट सुरतेच्या भाऊला ओवाळणी घातली म्हणे!

तेव्हापासून जिजी फोनला हात लावत नाही. पूर्वी रोज दुपारी लेकीशी तासभर बोलायची. आता बापू शेतात असले आणि लेकीचा फोन आला, तर तो वाजत राहतो, जिजी लांब बसून बघत राहते आणि तिकडे लेक रडते. बापू घरी असले तर तेच फोन घेऊन जिजीच्या कानाला लावतात. जिजीने एकदा, फक्त एकदा, स्वतः फोन उचलावा, एवढंच त्यांना हवं आहे.

मागच्या महिन्यात ही आग माझ्याच घरी लागली. शाळेतून आलो तर बायको कम्प्युटरसमोर घामाघूम बसलेली, कानाला फोन आणि पडद्यावरचा बाण आपोआप इकडेतिकडे फिरतोय. पडदा लाल झाला, भोंगा वाजला, त्यावर नंबर होता म्हणून लावला, असं ती सांगत होती. मी पुढचं ऐकलंच नाही. "अक्कल गहाण ठेवली होती का?" मी असा काही ओरडलो, की समोरून बापू धोतर सावरत धावत आले. आधी त्यांनी भिंतीतली वायर उपटली. मग बायकोच्या हातातून फोन घेतला, तो बंद केला आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर, चूप! तिले एक शबद बोलनास ते याद राख!"

बायकोला मात्र ते हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, तुनी काही चूक नही. पानी पे. मंग बँकले फोन कर, मी आठेच बठस." ते खरोखर बसून राहिले. बँकेला कळवून झालं, सायबर पोलिसांकडे तक्रार झाली, पासवर्ड बदलून झाले. गेलं काहीच नव्हतं.

मग मला ओट्यावर घेऊन आले.

"तुले वाटस जिजी त्या चोरले भ्यायनी?" ते म्हणाले. "नही रे. मी बोलनू तिले. चार लोकेस्मा बोलनू. तुले अक्कल नही, आजपाईन फोनले हात लावू नको, असं बोलनू. त्या चोरले बोलता उनं नही, म्हनीसन हिले बोलनू." चोरावरचा राग त्यांनी जिजीवर काढला होता. "तिनी आयकं ना मन्हं. आजूनबी आयकी ऱ्हायनी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. जिजी भाकरी थापत होती. फोन वाजला, सुरतेहून लेकीचा. बापू फोनच्या शेजारीच होते, पण त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. फोन वाजत राहिला. जिजी थापायची थांबली. पिठाचा हात तिने पदराला पुसला. फोन बंद पडला. ती पुन्हा परातीकडे वळली.

"ऱ्हाऊ दे," बापू म्हणाले. "परत करी ती."

फोन पुन्हा वाजला आणि बापू कडाडले, "आधी तिकीट दखाड!"

तेव्हापासून बापूंच्या घरी लावलेला पहिला फोन मीही शेवटपर्यंत वाजू देतो. तो बापूंसाठी नसतोच. परवा असाच लावला, तर चौथ्या-पाचव्या रिंगला पलीकडे कुणीतरी उचलला. ओरडणं नाही, हुकूम नाही, नुसता श्वास ऐकू येत होता.

तिने तिकीट मागायच्या आत मीच सांगून टाकलं, "जिजी, आपला ष्टँडवर निंब शे."